माळावरचे तात्या

लोणंदहून फलटण ओलांडलं आणि मोगराळे घाट चढला की ऊस मागे पडतो. पुढे दहिवडी, म्हसवड, दिघंची, आटपाडी. माणगंगेच्या काठचा हा मुलूख म्हणजे माणदेश. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवरच मोकळे होऊन येतात.

सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातलं माडगुळं हे व्यंकटेश माडगूळकरांचं गाव; तेव्हा ते औंध संस्थानात होतं. कवी गदिमांचे हे धाकटे भाऊ, म्हणजेच तात्या, १९२७ साली जन्मले. बेचाळीसच्या चळवळीत पडले, शिक्षण अर्धवट राहिलं. १९४९ साली त्यांचं ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक आलं. पुढे पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम, लेखन, शिकार, चित्रं. कालांतराने बंदूक सुटली. दुर्बीण आणि चित्रांची वही हातात राहिली.

निसर्गलेखक म्हणून त्यांची ओळख सांगताना ‘नागझिरा’ आणि ‘सत्तांतर’ यांचीच नावं घेतात. मला मात्र ‘बनगरवाडी’ हेच त्यांचं निसर्गावरचं सर्वांत मोठं पुस्तक वाटतं. धनगरांच्या वाडीत एक तरुण मास्तर येतो, शाळा धरतो, लोकांना हाताशी घेऊन तालीम बांधतो. आणि मग पाऊस दडी मारतो. गवत नाही म्हणून मेंढरं मरतात. मेंढरं जगवायची म्हणून माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन मुलूख सोडतात. मास्तरांकडे शाळा उरते, पोरं उरत नाहीत. इथे निसर्ग देखावा म्हणून येतच नाही, तो वाडीचा हिशेब मांडतो.

योगायोग असा की अमेरिकेतल्या वाळवंटाचा गाजलेला लेखक एडवर्ड अ‍ॅबीही १९२७ चाच. पेनसिल्व्हानियातून आलेला हा गडी युटाच्या आर्चेसमध्ये रेंजर झाला आणि त्यावर त्याने १९६८ साली ‘डेझर्ट सॉलिटेअर’ लिहिलं. रस्ते, मोटारी, पर्यटक, धरणं, सगळ्यांवर तो कडाडला. तात्या माळावरच वाढलेले, पण ते कडाडत नाहीत. खरं सांगायचं तर हे कधीकधी खटकतं. वाडी ओस पडते तेव्हा कुणाला तरी जाब विचारावा, असं वाचणाऱ्याला वाटून जातं. लेखक विचारत नाही.

पण हाच अलिप्तपणा ‘सत्तांतर’ला तारतो. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारी ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे. नवा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारतो. धारवाडकडच्या रानात जपानी अभ्यासक सुगियामांनी साठच्या दशकात हेच नोंदवलं होतं. दुसरा कुणी इथे माणसांच्या राजकारणाचं रूपक रंगवत बसला असता. तात्यांची वानरं शेवटच्या पानापर्यंत वानरंच राहतात. पिल्लू गमावलेली मादी पुढे त्याच नराला आपलं म्हणते, आणि लेखक मध्ये पडत नाही.