विश्लेषण : नोव्हगोरोद, निझनी की गॉर्की? रशियातील औद्योगिक शहराचे नाव इंग्रजीत कसे लिहावे?

2018 च्या फुटबॉल विश्वचषकात क्रोएशियाने मेस्सीच्या अर्जेंटिनाचा 3-0 असा पराभव केला, तो सामना रशियातील ‘निझनी नोव्हगोरोद’ या शहरात झाला होता. व्होल्गा आणि ओका या नद्यांच्या संगमावर वसलेले हे शहर मोटारी, जहाजे आणि विमानांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. इंग्रजीत मात्र ते कधी नुसते नोव्हगोरोद, कधी निझनी, तर कधी गॉर्की या नावाने भेटते. यातील प्रत्येक नावाचा अर्थ वेगळा निघू शकतो. शिक्षणासाठी रशियात जाणाऱ्यांनी तर हा फरक तिकीट काढण्याआधीच समजून घ्यायला हवा.

नुसते ‘नोव्हगोरोद’ का लिहू नये?

कारण त्या नावाचे दुसरे शहर आहे. नोव्ह म्हणजे नवे, गोरोद म्हणजे शहर. रशियन ‘नोव्ह’ आणि आपला ‘नव’ हे एकाच मूळ शब्दाचे नातेवाईक. इंग्रजी इतिहासग्रंथांत नुसते नोव्हगोरोद असे येते, तेव्हा वोल्खोव्ह नदीवरचे मध्ययुगीन व्यापारी शहर अभिप्रेत असते. 1999 पासून त्याचे अधिकृत नाव ‘वेलिकी नोव्हगोरोद’ आहे. वेलिकी म्हणजे थोर, निझनी म्हणजे खालचे. आपल्याकडे गावांच्या नावांपुढे बुद्रुक आणि खुर्द लागते, तसाच हा प्रकार. वडगाव बुद्रुकचे पत्र नुसत्या ‘वडगाव’ पत्त्यावर टाकले तर काय होईल, हे सांगायला नको.

या दोन शहरांच्या दिशाही उलट आहेत. निझनी नोव्हगोरोद मॉस्कोच्या पूर्वेला सुमारे 400 किलोमीटरवर आहे, तर वेलिकी नोव्हगोरोद वायव्येला, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूला. म्हणजे मॉस्कोत उतरून चुकीच्या नोव्हगोरोदची गाडी पकडली, तर प्रवास नेमका विरुद्ध दिशेने होईल.

मग नुसते ‘निझनी’ चालेल का?

स्थानिक लोक बोलताना तसे म्हणतात. पण उरल भागात ‘निझनी तागिल’ हे आणखी एक मोठे औद्योगिक शहर आहे. रणगाड्यांचा प्रसिद्ध कारखाना तिथलाच. त्यामुळे इंग्रजी मजकुरात पहिल्यांदा पूर्ण नाव द्यावे. संदर्भ स्पष्ट झाल्यावर पुढे निझनी म्हटले तरी हरकत नाही.

‘गॉर्की’ कुठून आले?

1221 मध्ये वसलेल्या या शहरात 1868 साली लेखक मॅक्सिम गॉर्की यांचा जन्म झाला. 1932 मध्ये, ते हयात असतानाच, शहराला त्यांचे नाव देण्यात आले. 1990 मध्ये जुने नाव परत आले. त्यामुळे 1932 ते 1990 या काळातील घटना लिहिताना गॉर्की म्हणणे चूक नाही. कंसात आजचे नाव दिले की झाले. अणुशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांना 1980 मध्ये इथेच स्थानबद्ध करण्यात आले होते. परदेशी नागरिकांना तेव्हा या शहरात प्रवेश नव्हता. त्या काळच्या इंग्रजी बातम्यांत शहराचे नाव गॉर्की असेच सापडते.

महाराष्ट्राशीही याचा एक धागा जुळतो. मिग-21 विमाने सोव्हिएत काळात गॉर्कीतील कारखान्यात बनत. भारतात ती नाशिकजवळच्या ओझरमध्ये तयार झाली. जुन्या लेखात गॉर्की आणि नव्या लेखात निझनी नोव्हगोरोद दिसले, तर ते दोन वेगवेगळे कारखाने समजू नका.

जुने नाव आज कुठे उरले आहे?

मुंबईकरांना हे लगेच कळेल. शहर मुंबई झाले, तरी आयआयटी बॉम्बे तशीच राहिली आणि विमानतळाचा कोड ‘बीओएम’च आहे. तिकडेही मोटार कारखान्याचे ‘गाझ’ हे नाव ‘गॉर्की ऑटोमोबाइल प्लांट’च्या रशियन आद्याक्षरांवरूनच आहे आणि विमानतळाचा कोड आहे ‘जीओजे’. संस्थेच्या नावातले गॉर्की ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये.

स्पेलिंग कोणते बरोबर?

घोळ पहिल्या शब्दाच्या शेवटी होतो. रशियन लिपीतील शेवटची दोन अक्षरे इंग्रजीत कुणी नुसत्या ‘वाय’ने लिहितात, कुणी ‘आयवाय’ने, तर कुणी दोन ‘आय’ने. शहर एकच. वृत्तपत्रे आणि पुस्तकांत नुसता ‘वाय’ असलेले रूप सर्वाधिक रुळले आहे. मधल्या ‘झेडएच’चा उच्चार इंग्रजी ‘मेजर’ (मोजणे) या शब्दातल्या ‘एस’सारखा करावा.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचे?

लेखात किंवा ई-मेलमध्ये रुळलेले रूप वापरा. अधिकृत अर्जात मात्र स्वतःच्या मनाने स्पेलिंग सुधारू नका; विद्यापीठाच्या निमंत्रणपत्रावर जसे असेल, तसेच उतरवा. तिकीट काढताना नावाबरोबर कोड, नदी किंवा प्रांत तपासा. व्होल्गा-ओका दिसले तर शहर बरोबर. वोल्खोव्ह दिसले तर ‘पे’ बटण दाबण्याआधी थांबा.