जंताची गोळी आणि दम्याची धास्ती

गेल्या फेब्रुवारीत मनमाडच्या बाजारपेठेत एका स्नेह्यांच्या सूनबाईंनी मला दुकानाच्या पायरीवरच थांबविले. "काका, उद्या शाळेत जंताची गोळी देणार आहेत. पण पोटातले जंत दम्यापासून वाचवतात, असा निरोप भ्रमणध्वनीवर आला आहे. आमच्या चिरंजीवांना आधीच धुळीने शिंका, रात्री छातीत घरघर. गोळी द्यावी की त्या दिवशी घरीच ठेवावे?" मी आयुष्यभर बँकेत खातेवह्या तपासल्या, वैद्यक माझा प्रांत नव्हे. तरी प्रश्न डोक्यातून जाईना. एका बालरोगतज्ज्ञ स्नेह्याकडून आणि वाचनातून जे उमगले, ते येथे देतो.

तो निरोप अगदीच निराधार नव्हता. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. घरात मोठी भावंडे जितकी अधिक, तितका परागकणांमुळे होणारा शिंकांचा विकार कमी, असे त्यांना आढळले. बालपणीचे संसर्ग शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला वळण लावतात, हा विचार त्यातून पुढे आला. २००० साली आफ्रिकेतील गॅबॉन देशातून वृत्त आले की, शिस्टोसोमा नावाच्या कृमीची बाधा असलेल्या मुलांची त्वचा घरातील धूळकिड्यांना कमी प्रतिसाद देते. कारण समजण्यासारखे आहे. कृमीला शरीरात वर्षानुवर्षे बिऱ्हाड करायचे असते, म्हणून तो आपल्या संरक्षक पेशींना शांत करणारी द्रव्ये सोडतो. कृमी आणि ॲलर्जी या दोहोंशी झुंजणारे शिपाईही तेच. म्हणून रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल वाढलेले दिसले की डॉक्टर दोन्हींची चौकशी करतात.

परंतु जंत म्हणजे सगळे एक नव्हेत, आणि निरोपात नेमके हेच गाळलेले होते. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २००६ साली अनेक देशांतील पाहण्या एकत्र तपासल्या. अंकुशकृमी असलेल्यांत दम्याचे प्रमाण कमी आढळले. आपल्याकडे मुलांना सर्रास होणाऱ्या गोल जंताच्या बाबतीत मात्र ते उलट वाढलेले होते.

गोल जंताचा प्रवास विलक्षण आहे. मातीने माखलेल्या हातातून किंवा न धुतलेल्या कोथिंबिरीतून अंडे पोटात जाते. आतड्यात अळी बाहेर पडते, रक्तावाटे यकृतात, तेथून फुप्फुसात पोहोचते, श्वासनलिकेतून वर चढते आणि पुन्हा गिळली जाऊन आतड्यात येते. १९२२ साली कोइनो या जपानी डॉक्टरने सुमारे दोन हजार अंडी स्वतः गिळून हा मार्ग सिद्ध केला! फुप्फुसातील या मुक्कामात खोकला, घरघर, ताप येऊ शकतो. म्हणजे रक्षक समजून ज्याला आसरा द्यायचा, तोच छातीत दंगा करून जातो.

उरला गोळीने दमा बळावण्याचा प्रश्न. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात ग्रामीण शाळांतील मुलांना वर्षभर दर दोन महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊन पाहिले. त्यांच्यात दमा वा ॲलर्जी वाढली नाही. आपल्या शाळांत २०१५ पासून १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी तेच औषध मिळते. दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या लहानांना अर्धी मात्रा.

आपल्या घरांत पाणी गाळून, उकळून पिण्याची रीत आहे. फडक्यातून ही सूक्ष्म अंडी निसटू शकतात, उकळल्याने मात्र ती मरतात. पण पाणीटंचाईच्या आपल्या गावात उन्हाळ्यात हात धुण्यातच काटकसर होते, आणि तेथेच घोटाळा होतो. आमच्या आजीचा वावडिंगाचा काढा मलाही आठवतो. त्याच्या भरवशावर गोळी मात्र टाळू नये.

सूनबाईंना हे सारे सांगेपर्यंत १० तारीख उलटून गेली होती. राहिलेल्या मुलांसाठी शाळेने ठेवलेल्या दिवशी चिरंजीवांनी गोळी चावून खाल्ली. श्वासाचा पंप मात्र त्यांच्या डॉक्टरांनी पूर्वीप्रमाणेच चालू ठेवला आहे, आणि पोती झाडताना त्यांना दुकानातून बाहेर पाठविले जाते.