नदीचा काठ

मुलांनो, नदी म्हणजे केवळ वाहते पाणी नव्हे. तिचा काठही नदीच होय. निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वर येथे बंधारा आहे. पुराचा गाळ तेथे साचला, त्यावर पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. २०२० साली हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

काठावरचे लव्हाळे दिसावयास क्षुद्र खरे. परंतु त्याची मुळे माती धरून ठेवतात. शेतातून येणारे पाणी त्याच्या दाटीत मंदावते, गाळ खाली बसतो, खतांचा काही अंश मुळे शोषून घेतात. काठच नांगरला, तर तीच माती व खते थेट पात्रात उतरतात. खालच्या गावाची घागर त्याच पाण्यात बुडते!

मनोऱ्यावरून पक्षी पाहावयास जाल, तेव्हा दुर्बीण क्षणभर त्या लव्हाळ्याकडेही वळवा. जांभळी पाणकोंबडी त्यातच घरटे बांधते.