लाल बावट्याच्या गिरणी समित्या

एकपक्षीय कम्युनिस्ट राज्य मुंबईत कधी आले नाही. मात्र त्या राज्याचा मूळ पाया, म्हणजे कामगाराने आपल्या खात्यातून माणूस निवडायचा आणि अशा निवडलेल्या माणसांनी कारभार पाहायचा, हा परळ-लालबागच्या गिरण्यांत काही महिने खरोखर चालला. रशियात तो पाया कम्युनिस्ट पक्षाने गिळला. या गिरणगावात काय झाले, ते वेगळे आहे आणि आपल्याकडे पुरेसे सांगितले गेलेले नाही.

1928च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्या थांबल्या. मालकांना दोन साच्यांऐवजी (मागांऐवजी) तीन साचे एकाच कामगाराच्या गळ्यात घालायचे होते. कामगार कमी, काम जास्त आणि पगाराला कात्री. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने घरी बसले. संप चालू असतानाच, मे महिन्यात, गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. कॉम्रेड डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही शिकलेली कम्युनिस्ट मंडळी तिच्यात होती, पण अध्यक्षपदी होते अर्जुन आत्माराम आळवे, स्वतः गिरणीत राबलेले. ऑक्टोबरात संप मिटला आणि वर्षअखेरीस युनियनचे सभासद 54 हजारांवर गेले.

आकड्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे गिरणी समिती. तोवर गिरणीत कामगाराचा मायबाप होता जॉबर. कामावर घेणे त्याच्या हाती, बदलीवाल्याला पाळी देणे त्याच्या हाती, काढून टाकणेही त्याच्याच हाती. त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, दिल्याशिवाय पान हलत नसे. संपानंतर खात्याखात्यातून कामगारांनी आपले प्रतिनिधी निवडले, त्यांची समिती झाली, आणि तक्रार जॉबरऐवजी समितीकडे जाऊ लागली. समिती वर्गणी गोळा करी, गेटवर सभा घेई आणि थेट मॅनेजरसमोर उभी राही. कधी कधी युनियनच्या पुढाऱ्यांना न विचारता समितीच काम बंद पाडी. पुढाऱ्यांना हे नेहमी रुचत नसे. मला मात्र समितीची खरी ताकद तिथेच दिसते.

समितीचे राज्य निर्दोष नव्हते. साचे खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण साचेवाल्यांना विटाळ वाटे. वर्गाची भाषा बोलणारी युनियन या प्रश्नावर कचरत होती. बाबासाहेब आंबेडकरांनी तो प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे संपाच्या पुढाऱ्यांना तो मागण्यांत घ्यावा लागला. बाबासाहेब बाहेर होते, स्वतंत्र होते, म्हणून हे घडले. एकच पक्ष असता तर हा प्रश्न कोणी विचारला असता?

रशियात तोवर उलटे झाले होते. कारखान्यांतल्या सोव्हिएतांच्या नावाने 1917मध्ये सत्ता आली. 1921च्या पक्षपरिषदेने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. बाहेरचे बहुतेक पक्ष तर त्याआधीच मोडीत निघाले होते. पुढे निवडणुका होत राहिल्या, मतपत्रिकेवर उमेदवार मात्र एकच. कामगार संघटना उरल्या त्या उत्पादन वाढवण्यासाठी. आदेश वरून खाली येई, खालची कुरकुर वर पोहोचण्याची वाट बंद झाली.

मुंबईतल्या कम्युनिस्ट पक्षाची शिस्तही त्याच धाटणीची होती. लोकशाही केंद्रवाद हे तिचे नाव. चर्चा करा, पण निर्णय झाला की सगळ्यांनी पाळा. 2 ऑक्टोबर 1939 रोजी याच लाल बावट्याखाली गिरणगावाने युद्धविरोधी संप केला, सुमारे 90 हजार कामगारांचा. पुढे हिटलर रशियावर चालून गेला आणि पक्षाच्या लेखी तेच युद्ध लोकयुद्ध झाले. 1942मध्ये देश ‘चले जाव’ म्हणत असताना पक्ष गिरण्या चालू ठेवा म्हणत होता. फॅसिझमला हरवणे गरजेचे होते, हे मी मानतो. पण हा निर्णय गिरणीच्या गेटवर झाला नव्हता, आणि कामगारांपैकी अनेकांनी तो मनाने कधी स्वीकारला नाही.

त्याच काळात गिरगावात खेतवाडीतल्या राजभुवन इमारतीत पक्षाचे केंद्रीय कार्यालय होते. 1943ची पहिली पक्षपरिषद मुंबईतच भरली. शाहीर अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने चाळीचाळींत जे जागवले, ते कुठल्याही ठरावाने जागले नसते. पक्षाचा मुंबईतला सर्वांत मोठा विजयही एकट्याचा नव्हे. 1957मध्ये डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले आणि पुढच्या वर्षी मिरजकर महापौर झाले, ते मराठी राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बळावर. समाजवादी, आंबेडकरवादी आणि कम्युनिस्ट तिथे भांडत भांडत एकत्र होते.

पुढे पक्ष 1964मध्ये फुटला, शिवसेनेशी रक्तरंजित झगडा झाला, आणि 5 जून 1970 रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे.

एकाधिकार गिरणगावात आला, पण लाल बावट्याचा नव्हे. 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रतिनिधी म्हणून मान्यता देण्याची तरतूद केली. ती मान्यता काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली. सभासदसंख्येच्या नोंदीवर मान्यता ठरे, कामगारांच्या गुप्त मतदानावर नव्हे. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा कायदा रद्द करा, ही त्यांची एक मागणी होती. ती मान्य झाली नाही, आणि तो संप आजवर औपचारिकपणे मागेही घेतला गेलेला नाही.