कडी-कोयंडा उचकटून
घराची डागडुजी : भाग ११

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं. चोरट्यांनी बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला. पुढे कपाट, दागिने, रोकड. कित्येक वर्षं हे वाक्य मी डोळ्यांखालून घालत आले, पण त्यात कुलपाचं नावही नसतं हे फार उशिरा लक्षात आलं. उचकटला जातो तो कोयंडा.

आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर अशी चोरी झाली होती, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही बघायला गेले. चांगलं वजनदार पितळी कुलूप बंदच्या बंद कोयंड्यात अडकलेलं होतं आणि कोयंडा चौकटीतून निघून कडीबरोबर लोंबत होता. त्याचे चारही स्क्रू उंबऱ्यापाशी पडलेले. एक उचलून पाहिला, तर जेमतेम अर्ध्या इंचाचा. घरमालक काकांनी खिशातून किल्ली काढून कुलपाला लावली. पहिल्या फेरीतच उघडलं.

म्हणून या आठवड्यात कुलूप निवडायचं असलं, तरी सुरुवात कुलपापासून करणार नाही. (शनिशिंगणापूरच्या वाचकांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.) दुकानात आपण आधी कुलूप पसंत करतो, कोयंडा त्याच्याबरोबर येईल तो घेतो आणि स्क्रू सुतारावर सोडतो. कटावणी घेऊन आलेला माणूस नेमका उलट्या क्रमाने विचार करतो.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला दिसतो. दाराशेजारच्या भिंतीत लांब पोकळी ठेवायची, तीत लाकडाचा जाड अडसर सरकवलेला. रात्री तो बाहेर ओढून दारामागून पलीकडच्या भिंतीतल्या खोबणीत घालायचा. दाराला धक्का बसला की भार स्क्रूवर नाही, थेट भिंतींवर. खोट एकच, अडसर लावायला आत माणूस लागतो. वाड्यात कोणी ना कोणी असायचंच. आपल्याकडे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात फ्रीजशिवाय काही जागं नसतं. म्हणजे बाहेरून बंद करणं आलं. त्यात दारावर लटकणारं कुलूप 'आत कोणी नाही' अशी पाटीही लावून ठेवतं. मे महिन्यात गावाला जाणाऱ्यांनी निदान एवढ्यासाठी तरी दाराच्या आत बसणारं कुलूप घ्यावं.

आता कुलपाच्या पोटात डोकावू. बाजारात यंत्रणा मुख्यतः दोन. पहिली लिव्हरची. पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, प्रत्येकीत एक खाच. किल्लीचा प्रत्येक दाता आपापली पट्टी ठरावीक उंचीवर उचलतो. थोडी कमी उचलली तरी अडते, थोडी जास्त उचलली तरी अडते. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्टवरची खुंटी त्यांतून सरकते आणि कुलूप उघडतं. जास्त उचललेली पट्टीही अडली पाहिजे, ही युक्ती रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराची, १७७८ सालची. आपल्याकडे वकिली सोडलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. आजही खोक्यावर 'सहा लिव्हर', 'सात लिव्हर' असं छापलेलं असतं, ते याच पट्ट्यांबद्दल. त्या जितक्या जास्त, तितकी दुसऱ्याची किल्ली चुकून लागण्याची शक्यता कमी.

दुसरी यंत्रणा पिनांची. लायनस येल या अमेरिकन बापलेकांपैकी धाकट्याने ती १८६० च्या दशकात आजच्या रूपात आणली. चपटी, करवतीसारख्या दातांची लॅचची किल्ली हिचीच. आत दोन-दोन तुकड्यांच्या पिना असतात, मागे स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की प्रत्येक पिनेचा सांधा नेमका फिरत्या नळीच्या कडेवर येतो आणि नळी फिरते. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या तर हिशेबाने ७,७७६ किल्ल्या होतात. सहावी पिन घातली की ४६,६५६.

आकडे दिपवणारे आहेत, पण फार हुरळून जाऊ नका. लंडनच्या पिकॅडिलीत जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप होतं, उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस. साठेक वर्षं कोणालाच जमलं नाही. १८५१ मध्ये अल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते उघडलं. त्याला एकूण ५१ तास लागले, तेही बरेच दिवस रोज येऊन. आपल्या जिन्यात एवढा निवांतपणा कोणाला आहे? कोरणी घेऊन कुलपाशी खेळत बसण्यापेक्षा कटावणी घालून दोन हिसके देणं सोपं.

त्यामुळे दुकानात माझे प्रश्न वेगळेच असतात. बोल्ट चौकटीत किती आत जातो? इंचभर तरी हवा. किल्ली दोनदा फिरवली की बोल्ट आणखी पुढे जाणारी कुलपं मिळतात, ती घ्यावीत. बोल्ट चौकोनी आहे की तिरका? नुसतं दार ओढून लागणाऱ्या लॅचची जीभ तिरकी आणि स्प्रिंगवर असते, दाराच्या फटीतून प्लास्टिकचं कार्ड सारून ती मागे ढकलता येते. वर पुन्हा, गॅसवर दूध ठेवून कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेलं की वाऱ्याने दार लागतं आणि आपण गाऊनवर जिन्यात. चौकोनी बोल्ट किल्लीने फिरवल्याशिवाय हलत नाही. तो हवाच.

पण आतल्या बाजूने किल्ली लागणारं कुलूप मी तरी मुख्य दाराला बसवू देत नाही. घरात धूर भरलेला असताना किल्ली कोण शोधणार? आतून हाताने फिरणारी मूठ हवी.

मॉर्टिस लॉक म्हणजे दाराच्या जाडीत खाच करून बसवायचं कुलूप. दिसायला देखणं, पण दार पातळ असेल तर खाचेच्या दोन्ही बाजूंना लाकडाचा पापुद्रा तेवढा उरतो. तिथे दाराच्या पृष्ठभागावर बसणारं कुलूप बरं. मॉर्टिसचं सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो पिनांचा भाग, दाराच्या लांबीरुंदीला नाही, जाडीला मोजून घ्यावं. बाहेर बोटभर डोकावणारं सिलिंडर पकडीत धरून मोडता येतं.

डिजिटल कुलपाबद्दल पत्रं बरीच आली आहेत. बसवा, हौस असेल तर. घासून गुळगुळीत झालेले म्हातारे अंगठे त्याला पटकन ओळखू येत नाहीत, तेव्हा आकड्यांची सोय आणि साधी किल्ली दोन्ही असलेलंच घ्या, आणि ती किल्ली घराच्या आत विसरू नका.

आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे पावसाळा. जुलैत दार फुगतं, बोल्ट चौकटीवरच्या पट्टीच्या भोकाला घासतो. मग कोणीतरी कानस घेऊन भोक मोठं करतं. दिवाळीनंतर दार सुकतं आणि त्या भोकात बोल्ट खुळखुळू लागतो. कानस घालण्याआधी दाराची कड रंधून बघा. कोकणात खाऱ्या हवेला लोखंडी कुलूप टिकत नाही, पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्या. आणि किल्ली अडली म्हणून सिलिंडरमध्ये खोबरेल तेल ओतू नका, त्यावर धूळ बसून पिना चिकटतात. किल्लीवर मऊ पेन्सिल घासून दोन-चारदा आतबाहेर करा.

राहिला सुतार. तो येईल तेव्हा शेजारी उभ्या राहा. आपल्याकडे स्क्रू पिळण्याऐवजी हातोडीने ठोकून शेवटचा एक आटा फिरवायची पद्धत आहे. लाकूड फाटतं, स्क्रू नुसता बसल्यासारखा दिसतो. पट्टीचे स्क्रू तीन इंची मागा. चौकट ओलांडून ते भिंतीत गेले पाहिजेत. कडी-कोयंडा ठेवणार असाल तर स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि आतून नट. दुकानदार म्हणेल, 'वहिनी, एवढे मोठे कशाला?' घेऊन या.

फ्लॅट रिसेलचा असेल तर आधीच्या मालकांनी दिलेल्या तीन किल्ल्यांवर विसंबू नका. चौथी कोणाकडे आहे हे त्यांनाही आठवत नसतं. मॉर्टिसचं सिलिंडर दाराच्या कडेचा एक स्क्रू काढला की बदलतं, पूर्ण कुलूप बदलावं लागत नाही. नव्या किल्ल्यांपैकी एक शेजारी ठेवा. तुळशीच्या कुंडीखाली, मीटरच्या पेटीवर किंवा चपलांच्या कपाटातल्या जुन्या बुटात नको. चोरही आपल्यातच लहानाचा मोठा झालेला असतो.