शाळेतील औषधपेटी व शिक्षकाचे दायित्व

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेले मांजरी बुद्रुक २०२१ साली महानगरपालिकेत समाविष्ट झाले. अशा वाढत्या वस्तीत आईबाप कामावर असताना मूल आजारी पडले, तर पहिला विचार शिक्षकासच करावा लागतो. त्याने चिठ्ठीवाचून मिळणारी गोळी द्यावी काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

शिक्षकाने औषध देणे ही मुळात नवी गोष्ट नव्हे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेतच मुलांस अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावयास देतात. हे औषध रक्तात फारसे शोषले जात नाही; त्याचे कार्य मुख्यतः आतड्यातील जंतांवर घडते. म्हणून २ ते १९ वर्षांच्या सर्वांस एकच मात्रा चालते. शिवाय दिवस ठरलेला असतो आणि आजारी मुलास वगळले जाते.

पॅरासिटामॉलची गोष्ट निराळी आहे. ते रक्तात मिसळते व त्याचा निचरा यकृतास करावा लागतो. म्हणून मात्रा वजनावर ठरते : दर किलोग्रॅमास १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर. ५०० मिलिग्रॅमची गोळी ४० किलोच्या मुलास योग्य ठरते. परंतु २० किलोच्या मुलास तीच दर किलोस २५ मिलिग्रॅम पडते. त्यातच आईने सकाळी तेच औषध पातळ स्वरूपात पाजले असेल व रात्री पुन्हा पाजले, तर यकृतास इजा होण्याचा संभव वाढतो. शिक्षकास हे ठाऊक नसते, आणि धोक्याचे मूळ येथेच आहे.

काही औषधे तर शाळेच्या पेटीत नसावीतच. ॲस्पिरिन व मुलांच्या यकृत-मेंदूस ग्रासणारा, १९६३ साली डॉ. राय यांनी वर्णिलेला विकार यांचा संबंध पुढे दिसून आला. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन यांनी रक्तस्रावाचे भय वाढते. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांस देण्यास भारतात २०११ पासून मनाई आहे.

सबब, वर्षारंभी पालकांची लेखी संमती, मुलाचे वजन व वर्ज्य औषधे यांची नोंद शाळेने करावी. औषध देण्यापूर्वी घरी दूरध्वनी करून शेवटची मात्रा केव्हा दिली हे विचारावे. दिल्यावर वेळ व मात्रा लिहून ती चिठ्ठी मुलासोबत घरी पाठवावी. घरचा पत्ता न लागल्यास गोळी न देता ओल्या फडक्याने अंग पुसावे, पाणी पाजावे. आणि झटके, ग्लानी वा सतत वांती दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.