नाक चोंदले तरी श्वासाचे यंत्र बंद ठेवू नये

कापसाची वेचणी आणि थंडी आपल्या मावल्यात जोडीनेच येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ चोंदलेली नाके. एरवी आठवड्यात सर्दी जाते आणि प्रश्न मिटतो. परंतु ज्यांचा श्वास झोपेत अडतो व त्यासाठी जे रात्री सीपॅप यंत्र लावतात, त्यांची गोष्ट निराळी. नाक बंद झाले की मुखवट्यात गुदमरल्यासारखे होते आणि यंत्र माळ्यावर जाते. मग घोरणे, श्वास थांबणे, दचकून उठणे पुन्हा सुरू. सकाळी हाच झोपमोड झालेला माणूस ट्रॅक्टर घेऊन महामार्गावर जातो. आम्हांला धास्ती वाटते ती याची.

हे यंत्र १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी जगापुढे मांडले. पुष्कळांची समजूत असते की त्यात प्राणवायू भरलेला असतो. तसे नाही. खोलीतलीच हवा दाबाने नाकात सोडून ते घशाची वाट उघडी ठेवते. तेव्हा खोलीत जशी हवा, तशीच नाकात जाणार. भाव वाढेपर्यंत आपण घरातच कापूस रचून ठेवतो. त्या खोलीत यंत्र लावू नये. ते जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावे आणि मागची गाळणी दर आठवड्याला पाहावी.

दुसरे कारण कोरडेपणा. थंड, कोरडा वारा रात्रभर लागला की नाकाचे अस्तर सुजते. त्यात तोंड उघडे राहिले तर नाकातून आलेला वारा तोंडावाटे निसटतो आणि नाक आणखीच सुकते. अशांनी यंत्राला पाणी तापवून ओलावा देणारी पेटी, म्हणजे ह्युमिडिफायर, जोडून घ्यावा. त्यात औषधांच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी रोज ताजे भरावे. बॅटरीचे पाणी नको, आणि निलगिरीचे तेल किंवा बाम तर मुळीच नको. तो वास थेट फुप्फुसांत जातो.

झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास पुष्कळ आराम पडतो. पेलाभर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ व चिमूटभर खायचा सोडा पुरे. पाणी मात्र खळखळ उकळून कोमट केलेलेच घ्यावे. विहिरीचे किंवा तलावाचे कच्चे पाणी नाकात ओढू नये. त्यातील एखादा जंतू नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, आणि तो आजार बहुधा प्राणघातक ठरतो.

दुकानातून आणलेल्या थेंबांविषयी थोडे कडक बोलावे लागेल. नाक पाच मिनिटांत मोकळे होते म्हणून ते आवडतात. परंतु तीन ते पाच दिवसांपलीकडे घातले तर त्यांचाच परिणाम उलटतो आणि नाक पहिल्यापेक्षा अधिक चोंदते. रक्तदाब असलेल्यांनी तर ते विचारल्याशिवाय घालू नयेत, आणि या विकाराच्या पुष्कळ रोग्यांना रक्तदाब असतोच. डॉक्टर जो रोजचा स्टिरॉइडचा फवारा देतात तो वेगळा. त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांत सोडू नये.

एखाद्या रात्री नाक अगदीच बंद असेल तर उशाकडची बाजू उंच करून कुशीवर झोपावे. झोपेची गोळी व दारू टाळावी. दोहोंनी घसा अधिक सैल पडतो. नाक नेहमीच बंद राहत असेल, किंवा एकाच बाजूने बंद असून रक्त येत असेल, तर आदिलाबादच्या रिम्समध्ये नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. जाताना यंत्र व मुखवटा बरोबर न्यावा. नाकाच्या मुखवट्याऐवजी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा हवा का, हे ते बघून सांगतील.